नळाला करंट येतोय म्हणून नळालाच अर्थिंग द्यायचं का?

प्रश्न असा आलाय. सांगलीजवळ दुमजली बंगला, बांधून वीस-बावीस वर्षं झाली, आतली पाण्याची लाइन जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांची. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा २०० लिटरचा सोलर आणि पावसाळ्यासाठी त्यात २ किलोवॅटची कॉइल. जूनपासून वरच्या बाथरूममधल्या गरम पाण्याच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. कॉइलचं बटण बंद केलं तरी जात नाहीत. प्लंबर म्हणतो, सगळी लाइन सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकची करून टाका. वायरमन म्हणतो, बागेत चार फुटी सळई ठोकतो आणि पाइपला तिथून वायर देतो, शंभर टक्के बंद होईल. पुतण्याने इंग्लंडमधला एक व्हिडिओ दाखवला, त्यात बॉयलरखालच्या प्रत्येक तांब्याच्या पाइपला हिरव्या-पिवळ्या वायरचा क्लॅम्प मारलेला. यातलं बरोबर काय? आणि आई सत्तरीच्या पुढच्या आहेत, काम होईपर्यंत रबरी चप्पल घालून अंघोळ केली तर चालेल का?

मी कोल्हापुरात २८ वर्षं वायरिंगची कामं करतो, त्यामुळे यातलं बरंचसं हाताखालून गेलेलं आहे. तरी तुमचं घर मी पाहिलेलं नाही. खाली जिथे 'मोजल्याशिवाय सांगता येणार नाही' असं म्हटलंय तिथे खरंच मोजावं लागेल.

सगळ्यात आधी आजचं काम. कॉइलच्या बटणावर विसंबू नका. डीबीमधला, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डमधला, त्या लाइनचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) पाडा. तो एकाच पोलचा, म्हणजे एकच तार तोडणारा असेल आणि फेजवर (वीज घेऊन येणाऱ्या तारेवर) आहे याची खात्री नसेल तर मेन स्विच बंद करून वायरमनकडून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून घ्या आणि टोकं नीट बंद करा. दोन्ही म्हणजे दोन्ही. बटण बंद असूनही शॉक येतो हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या सगळ्या वर्णनातली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे.

बटण फेजवर असायला हवं. जुन्या घरांत कधी मीटर बदलताना, कधी इन्व्हर्टर बसवताना फेज-न्यूट्रल उलटे होतात आणि बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर जातं. मग बटण बंद केलं की दिवा विझतो, पाणी तापत नाही, आपल्याला वाटतं झालं बंद. आत मात्र कॉइल या टोकापासून त्या टोकापर्यंत २३० व्होल्टवर बसलेली असते. कॉइलच्या कवचाला कुठे बारीक छिद्र पडलेलं असेल तर गळती चालूच राहते, उलट काही वेळा वाढते. कारण कॉइल चालू असताना तिच्या मधल्या भागात निम्मंच व्होल्टेज असतं आणि बटण न्यूट्रल तोडतं तेव्हा तिथेही पूर्ण २३० येतं. दुसरी शक्यता अशी की करंट कॉइलचा नाहीच, दुसरीकडून येतोय. तिच्याकडे नंतर येतो.

आता त्या कॉइलविषयी. धातूच्या नळीत मधोमध तार आणि भोवती दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, अशी तिची रचना असते. कोरडी पूड उत्तम इन्सुलेशन, पण ओल शोषून घेण्यात पटाईत. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर नळीवर क्षार चढतात, क्षाराखाली नळी जास्त तापते, तिथे खड्डा पडतो आणि ओल आत शिरते. उन्हाळाभर कॉइल कोणी लावत नाही. चार महिने ती पाण्यात बुडून गप्प बसलेली असते आणि जूनमध्ये पहिल्यांदा चालू करतो. सोलरच्या शॉकच्या तक्रारी माझ्याकडे आषाढातच जास्त येतात ते यामुळे.

आणि गच्चीवर जाणारी वायर? दहापैकी सात घरांत ती दोनच तारांची असते. सोलर बसवणारा माणूस प्लंबिंगचा. तो 'वायर तुमच्या वायरमनकडून आणून द्या' म्हणतो. वायरमन खालून दोन तारा वर नेतो, गच्चीवर टेप गुंडाळून जोड मारतो, ऊन-पावसात तो टेप वर्षभरात सुटतो. तिसरी तार, म्हणजे अर्थची, कोणाच्याच कामात नसते. मग टाकी, स्टँड आणि तिथून उतरणारा जीआय पाइप हे सगळं मिळून हवेत लोंबकळणारं लोखंड होतं. कॉइलमधून जे काही झिरपेल ते या लोखंडावर साचतं आणि पाइपाने थेट तुमच्या बाथरूमपर्यंत येतं. तुमच्याकडे हेच झालंय असं मी म्हणत नाही, पण पैज लावायची तर मी यावर लावीन.

आता तिघांचे सल्ले. वायरमनपासून सुरुवात करतो, कारण तो जे सांगतोय ते मी स्वतः केलेलं आहे.

धंद्यात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका घरी गिझरच्या नळाला असाच करंट. मी अंगणात सळई ठोकली, पाइपला तार बांधली, शॉक गेला. मालकांनी चहा पाजला, शेजाऱ्यांना माझं नाव सांगितलं. चार महिन्यांनी त्यांच्या घरातल्या वहिनी नळाला हात लावून मागे फेकल्या गेल्या. डोक्याला टाके पडले, जीव वाचला. तार जागेवर होती, सळई जागेवर होती, क्लॅम्प घट्ट होता. मला काहीच कळेना. मग एका जुन्या मिस्त्रींनी कागदावर हिशोब मांडून दाखवला, तोच तुम्हाला सांगतो.

सुरुवातीला कॉइलची गळती बारीक असते. समजा फेज आणि टाकीच्या बॉडीमध्ये १ लाख ओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा आहे. नळाला हात लावला तर अंगातून दोन-सव्वादोन मिलिअँपिअर जातात, म्हणजे झिणझिण्या. आता सळई ठोकली. चार फुटी सळईचा जमिनीशी रेझिस्टन्स समजा ५० ओहम. १ लाखापुढे ५० म्हणजे काहीच नाही, त्यामुळे पाइपवरचं व्होल्टेज एक दशांश व्होल्टवर येतं. शॉक गायब, वायरमन खरा ठरला. पण कॉइल आत कुजतच राहते आणि एके दिवशी फुटते. आता १ लाख ओहम संपले, फेज सरळ बॉडीला टेकला. सळईतून २३० भागिले ५० म्हणजे साडेचार अँपिअर वाहतात. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा पंख्या-दिव्यांसारखा साधा लोड वाटतो, तो पडत नाही. आणि २३० पैकी जवळजवळ सगळं व्होल्टेज सळईच्या ५० ओहमवरच पडतं, कारण वाटेत दुसरा अडथळा आहे तो ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा, आणि तो एक-दोन ओहमच असतो. म्हणजे सळई ठोकलेली असूनही नळ २२० व्होल्टवर. भरीस भर, रोज पंचवीसेक युनिट जमिनीत जातात आणि सळईच्या आसपासची माती जिवंत होते, तिथे लेकरं खेळतात, गाय बांधलेली असते.

सळईने बारीक गळती झाकली जाते आणि मोठा दोष अंगावर येतो, तो आधी कसलीही सूचना न देता. झिणझिण्या निदान सांगत तरी होत्या की काहीतरी बिघडलंय.

मग घराचं नीट केलेलं अर्थिंग, कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा, अडीच मीटर जीआय पाइप, त्याने भागेल का? निम्मं भागेल. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चांगला खड्डा मला ३ ते ५ ओहम दाखवतो. तोच मे महिन्यात, माती भेगाळली की, दुप्पट-तिप्पट होतो. रत्नागिरीला एका नातेवाइकाच्या घरी जांभ्यात मोजला तर ४० ओहमच्या खाली येईना. ५ ओहम धरा. कॉइल फुटली तर ४६ अँपिअर. 'सी' प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो तापून पडेल, पण त्याला काही सेकंदांपासून मिनिटापर्यंत कितीही वेळ लागू शकतो. तेवढा वेळ अर्थच्या तारेला जोडलेलं सगळं, फ्रिज, वॉशिंग मशीन, नळ, धोकादायक व्होल्टेजवर असतं.

म्हणून आपल्याकडे, जिथे पोलवरून फेज आणि न्यूट्रल दोनच वायरी येतात आणि अर्थ आपला आपण खड्डा खणून करतो, तिथे आरसीसीबीशिवाय पर्याय नाही. ३० मिलिअँपिअरची. ती फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतोय का एवढंच बघते. वाटेत ३० मिलिअँपिअर हरवले की तीन दशांश सेकंदाच्या आत लाइन तोडते, मोठा दोष असेल तर त्याहून लवकर. खड्डा ५ ओहमचा असो की जांभ्यातला ४० चा, तिला पुरतो. ती एमसीबीचं काम करत नाही, म्हणून एमसीबी सोबत हवाच. चांगल्या मिक्सरपेक्षा तिची किंमत जास्त नाही, तरी लोक पन्नास लाखांच्या बंगल्यात ती टाळतात. आणि ज्यांच्याकडे आहे त्यातल्या कित्येकांनी 'सारखी पडते' म्हणून बायपास केलेली असते. अहो, सारखी पडते म्हणजे काहीतरी सांगतेय ना!

अर्थिंग नसतानाही आरसीसीबी उपयोगी पडते, हे खरं. पण मग ती पडते केव्हा, तर कोणीतरी नळाला हात लावून स्वतःच्या अंगातून गळती वाहू देईल तेव्हा. अर्थची तार असेल तर दोष झाल्या क्षणी पडते, घरातले सगळे झोपेत असतानासुद्धा. दोन्ही एकत्र हवं ते यासाठी.

प्लंबरच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण त्याने सांगितलेलं कारण वेगळं आणि माझं वेगळं. प्लास्टिक पाइपातलं पाणी करंट नेतं, लोकांना वाटतं तसं ते पूर्ण बंद होत नाही. अर्ध्या इंची पाइपातल्या एक मीटर लांब पाण्याचा रेझिस्टन्स साध्या गोड्या पाण्याला दीड लाख ओहमच्या आसपास येतो. खारट बोअरचं पाणी असेल तर त्याचा तिसरा हिस्सा, आणि पाणी गरम असेल तर आणखी कमी. बाथरूममधल्या गिझरपासून नळ मीटरभरावर असतो, म्हणून सीपीव्हीसी लाइन असूनही बिघडलेल्या गिझरच्या शॉवरखाली लोकांना मुंग्या येतात. तुमची टाकी गच्चीवर, नळापासून आठ-दहा मीटरवर. लाइन सीपीव्हीसी केली तर नळावरचा करंट बहुधा जाणवणारही नाही. पण टाकी तशीच राहील. दिवाळीच्या आधी नळ्या पुसायला कोणीतरी शिडी लावून वर जाईल, ओल्या हाताने स्टँड धरेल. म्हणजे जीआय गंजलंय, पाण्याला लाल रंग येतोय म्हणून पाइप बदलायचा असेल तर खुशाल बदला. शॉकवरचा इलाज म्हणून बदलू नका.

आता इंग्लंडचा व्हिडिओ. तो खोटा नाही, पण त्यांचं घर वेगळं. तिथे खोलीखोलीत रेडिएटर, त्यांना जोडणारे तांब्याचे पाइप घरभर, पाणी आणि गॅस यांच्या लाइनी जमिनीखालून आत आलेल्या. आणि बऱ्याच घरांत अर्थ वीज कंपनीकडूनच मिळतो, न्यूट्रलसोबत एकाच तारेतून. ती सामाईक तार रस्त्यात तुटली तर घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या वस्तूंवर व्होल्टेज चढू शकतं, त्या वेळी जमिनीतून आलेला पाइप शून्यावर आणि किटलीची बॉडी चढलेली असं होऊ नये म्हणून घरात शिरणाऱ्या धातूच्या पाइपांना मुख्य अर्थला जाड तारेने बांधायचा नियम आहे. त्यांच्या बीएस ७६७१ या वायरिंगच्या नियमांत २००८ च्या आवृत्तीपासून बाथरूममधल्या जादा जोडण्या काही अटींवर गाळायचीही मुभा आहे. अटी काय? सगळ्या लाइनी आरसीडीवर, म्हणजे आपल्या आरसीसीबीवर हव्यात, दोष झाल्यावर त्या ठरलेल्या वेळेत तुटायला हव्यात, आणि मुख्य जोडणी नीट हवी. तेव्हा बॉयलरखालची ती क्लॅम्पची रांग बऱ्याच ठिकाणी सवयीचा भाग आहे.

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत, कारण आपल्याकडे दोन्हींना 'अर्थिंग' म्हणतात. कॉइलच्या किंवा गिझरच्या बॉडीला जी हिरवी तार जाते ते अर्थिंग: दोष झाला तर करंटला परत जायला वाट, म्हणजे आरसीसीबी पडेल. पाइपांना एकमेकांशी आणि मुख्य अर्थशी जोडणं हे बाँडिंग: दोष झाला तरी एका वेळी हात लागू शकेल अशा दोन वस्तूंमध्ये व्होल्टेजचा फरक राहू नये. शॉक फरकामुळे बसतो. नळ आणि पायाखालची ओली फरशी दोन्ही १०० व्होल्टवर असतील तर तुम्हाला काही कळणार नाही. नळ शून्यावर आणि गिझरची बॉडी १०० वर असेल तर कळेल. बाँडिंगने दोष जात नाही, तुटतही नाही. ते अर्थिंग आणि आरसीसीबीनंतरचं काम आहे, आणि प्रत्येक पाइपला ते लागतंच असंही नाही.

उलट चुकीच्या जागी बाँडिंग केलं तर घरात नसलेला करंट आपण आणून ठेवतो. कोल्हापुरातल्या एका जुन्या वाड्यात तीन बिऱ्हाडं. तिन्ही घरांनी गिझरची अर्थ पाण्याच्या पाइपला बांधलेली. एकेकाळी चालून गेलं, कारण जीआय पाइप वाड्यापासून रस्त्यातल्या लाइनीपर्यंत अखंड होता आणि जमिनीत पन्नास फूट पडलेला. मग गळती लागली म्हणून मीटरजवळचा चार फुटांचा तुकडा सीपीव्हीसीचा टाकला. त्या दिवसापासून वाड्यातला सगळा पाइप जमिनीपासून सुटला, पण तिन्ही घरं एकमेकांना जोडलेलीच राहिली. तळमजल्यावरचा गिझर बिघडला आणि शॉक वरच्या मजल्यावर भांडी घासणाऱ्या आजींना बसला. त्यांच्या घरात गिझर चालूही नव्हता. तिन्ही घरांत टेस्टर लावून लावून लोक दमले होते. पाइप अर्थ म्हणून वापरायचा नाही, हा नियम मी त्या दिवसापासून कोणाशी वाद न घालता पाळतो.

तुमच्या पाइपला बाँडिंग लागेल का हे मोजून ठरतं. प्रश्न एवढाच की तो पाइप बाहेरून, जमिनीतून किंवा ओल्या भिंतीतल्या सळ्यांमधून, जमिनीचं व्होल्टेज घरात आणू शकतो का. कॉइल सोडवलेली, मेन बंद, आणि पाइप ते मुख्य अर्थची पट्टी यांच्यामध्ये मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं मीटर) लावायचा. माणसाला १० मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नाही असं धरलं तर २३० व्होल्टला एकूण २३,००० ओहम लागतात. त्यातले १,००० माणसाच्या अंगाचे सोडले की २२,००० उरतात. रीडिंग याच्या वर असेल तर तो पाइप तुटक बेट आहे, त्याला बाँडिंग करू नका. बांधलंत तर अर्थच्या पट्टीवर येणारं व्होल्टेज तुम्हीच नळापर्यंत नेऊन ठेवाल. खाली असेल तर बांधा. भिंतीत पुरलेल्या वीस वर्षांच्या जीआयचं रीडिंग बहुधा खालीच येईल, मला कित्येकदा काहीशे ओहम मिळालेत. मधे कोणी सीपीव्हीसीचा तुकडा घातला असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

बांधायचं तर असं: लाइन घरात जिथे शिरते तिथे एका जागी, ६ एमएमची तांब्याची हिरवी-पिवळी वायर, थेट मुख्य अर्थच्या पट्टीपर्यंत. सळईला नाही. पाइपवरचा रंग आणि गंज कानसीने घासून चकचकीत जागा करायची, क्लॅम्प मारायचा, वायरीच्या टोकाला कल्हई केलेला लग (धातूची टोपी) वापरायचा, कारण उघडं तांबं जस्तावर बसलं की ओलीत जस्त खाऊन टाकतं. आणि तो क्लॅम्प दिसेल अशा जागी ठेवा. टाइल्सच्या मागे गेलेला क्लॅम्प परत कोणी तपासत नाही. वरच्या बाथरूममध्ये जीआय ठेवणारच असाल तर गरम आणि थंड दोन्ही पाइप ४ एमएमच्या वायरने एकमेकांना आणि तिथल्या अर्थला जोडा. सीपीव्हीसी केलंत तर हे सगळं बाद. प्लास्टिक पाइपावर बसवलेल्या स्टीलच्या नळाला बाँडिंग लागत नाही; तशा वायरी मारून देणाऱ्याने तुमचे पैसे घेतले एवढंच.

क्रम असा धरा. कॉइल दोन्ही टोकांनी सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने टोक आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा. १ मेगओहमच्या खाली असेल तर मी ती परत लावत नाही, साफ करून, वाळवून वगैरे भानगडीत पडत नाही. गच्चीपर्यंत तीन तारांची नवी वायर, पाइपातून, गच्चीवर उघडा जोड नाही, दोन पोलचा स्विच. टाकीच्या बॉडीपासून अर्थच्या पट्टीपर्यंत १ ओहमच्या आत यायला हवं. २० मीटर अडीच एमएम तांब्याला पाव ओहमसुद्धा लागत नाही, जास्त आलं तर कुठेतरी जोड ढिला आहे. खड्ड्याचं रीडिंग घ्या. आरसीसीबी बसवा, बटण दाबून ती पडते का बघा. पाइप त्यानंतर मोजा.

हे सगळं करताना दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे टेस्टर. निऑनचा टेस्टर मायक्रोअँपिअरवरही पेटतो, त्यामुळे अर्थ नसलेल्या वॉशिंग मशीनच्या बॉडीलाही पेटतो आणि लोक घाबरतात. त्या मशीनमधल्या फिल्टरमुळे बॉडी १०० ते ११५ व्होल्टला तरंगते, करंट मात्र नगण्य. मल्टिमीटरही तेच दाखवतो. वायरमनला सांगा, मीटरच्या दोन टोकांमध्ये १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून परत वाच. आकडा कोसळला तर गळती बारीक आहे. बल्ब पेटू लागला तर त्या पाइपमागे खरी वीज उभी आहे, तिथेच थांबा आणि मेन पाडा.

दुसरं फसणं म्हणजे सॉकेट. मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन इंचांची तार टाकून 'अर्थिंग दिलं' म्हणणारे महाभाग अजून आहेत. टेस्टरला, मल्टिमीटरला हे अर्थिंग एकदम झकास दिसतं. मग मीटरबोर्डावरचा न्यूट्रलचा किटकॅट फ्यूज जळतो, आणि चालू असलेल्या कोणत्याही दिव्या-पंख्यातून फेज फिरून न्यूट्रलवर येतो, तिथून घरातल्या प्रत्येक तीन पिनच्या वस्तूच्या बॉडीवर. तुमच्या घरात जुना किटकॅट बोर्ड असेल तर न्यूट्रलवरचा फ्यूज काढून तिथे सरळ लिंक टाका आणि प्रत्येक सॉकेट उघडून बघा. कॉइल सोडवल्यावरही नळाला करंट राहिला तर माझा पहिला संशय यावरच आहे.

दुसरा संशय बोअरच्या मोटारीवर. शिरोळकडच्या एका घरी शॉक फक्त सकाळी सहा ते सात यायचा. मोटार त्याच वेळात चालायची. पाण्यातल्या केबलला जीआय पाइपाच्या जोडाची धार लागून इन्सुलेशन घासलं होतं. मालक तोवर दोन गिझर बदलून बसले होते. तेव्हा शॉक केव्हा येतो आणि त्या वेळी घरात काय काय चालू असतं, हे दोन दिवस वहीत लिहून ठेवा. मात्र नळाला हात लावून तपासू नका, मीटर लावा.

राहिला चप्पलचा प्रश्न. नाही, चालणार नाही. ओल्या बाथरूममध्ये चप्पल आतून-बाहेरून भिजते, पाय तळव्यावर घसरून फरशीला लागतो, आणि पाण्याचा थर चप्पलच्या कडेने खाली उतरतो. शिवाय करंट पायातूनच जायला हवा असं कुठे आहे? एक हात गरम नळावर आणि दुसरा थंड नळावर, की वाट छातीतून झाली, चप्पल कोरडी असली तरी. आईंना सांगा, कॉइलच्या वायरी सुटेपर्यंत त्या बाथरूमला कुलूप. खालच्या बाथरूममधला नळ आधी मीटरने बघा, तो त्याच लाइनीवर असेल तर तोही बंद. गॅसवर पातेलं ठेवा आणि पाणी बादलीत ओतून द्या, तेही स्वयंपाकघरात विसण घालून, नळाखाली नाही.